आधी मिनिटं, मग पैसा: नागपूरच्या एका लेफ्ट बॅकची पहिली दोन वर्षं

खेळाडू: मुलगी, वय १९, बीए दुसरं वर्ष, राहणार उत्तर नागपूर, डावखुऱ्या पायाची, तेव्हा पुढच्या फळीत खेळणारी. आज लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू. प्रश्न: २०२३ च्या पावसाळ्यात तिच्यासमोर एकाच वेळी तीन वाटा आल्या. महिलांच्या राष्ट्रीय लीगमधल्या एका मोठ्या क्लबचं बोलावणं, कोलकात्याच्या एका छोट्या क्लबचं बोलावणं, आणि तिसरी म्हणजे नागपुरातच राहून पदवी पूर्ण करायची व खेळाडूंच्या आरक्षणातून नोकरीसाठी प्रयत्न करायचा. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचं होतं.

मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ सांभाळते. ही मुलगी माझ्या संघातली. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने हे लिहिते आहे. नाव, वस्ती आणि दोन्ही क्लब गाळले आहेत. लिहिण्याचं कारण असं की दरवर्षी एखाद-दुसरी मुलगी याच वळणावर येऊन उभी राहते. घरचे, शिक्षक, मैदानावरचे दादा असे सगळे तिला सल्ला देतात, आणि तो बहुतेक वेळा पैशाचा किंवा क्लबच्या नावाचा असतो. ती किती खेळेल, हे क्वचितच कुणी विचारतं.

घर आणि मैदान

वडील कळमना बाजारात मापारी. संत्र्याचा आणि मिरचीचा हंगाम असला की पहाटे जातात, मग बाकीचे महिने कमाई पातळ. आई अंगणवाडीत मदतनीस. धाकटा भाऊ शाळेत. घरात खेळाची परंपरा नाही, पण विरोधही नव्हता. वस्तीच्या मागे मुरमाचं मैदान आहे, तिथं संध्याकाळी पोरं खेळायची. ही भावाला आणायला जायची आणि तिथंच थांबायची. सातवीत शाळेच्या सरांनी तिचं नाव शालेय स्पर्धेसाठी पाठवलं.

नागपूरला फुटबॉल नवा नाही. कामठीत तो पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. जिल्हा संघटनेची लीग चालते, रेल्वेच्या मोतीबाग मैदानावर मोठी मॅच असली की गर्दी होते. विजय बारसे सरांनी २००१ पासून इथल्याच वस्त्यांमधून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला आणि त्यात मुलींनाही जागा मिळाली. या छोट्या मैदानांच्या खेळाने नागपूरच्या मुलींना पायात बॉल ठेवायला शिकवलं, हे मी रोज पाहते. अशाच छोट्या मैदानावरची जागतिक स्पर्धा म्हणजे बेघरांसाठीचा होमलेस वर्ल्ड कप. त्याची मॅच चार-चार जणांची असते, सात-सात मिनिटांचे दोन भाग. तिथं जागाच इतकी कमी की बॉल घेतला की समोरच्याला चकवावंच लागतं. आमच्या मुलीचा डावा पाय अशाच गर्दीत तयार झाला.

पण पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं आणि खेळ ९० मिनिटांचा. शाळेतल्या मुलीला ते मैदान भेटतं कधी? शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि त्या बाद पद्धतीच्या असतात. एक मॅच हरली की वर्ष संपलं. महाविद्यालयात आल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागाच्या चार मॅच. मुलांना निदान लीग असते: हरले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचं असतं. मुलींच्या वाट्याला येते ती स्पर्धा, आणि ती चार दिवसांत आटोपते.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एक वही दिली आणि आधीच्या वर्षभरातल्या सगळ्या मॅच आठवून लिहायला सांगितल्या. तारीख, समोरचा संघ, मैदान केवढं, किती मिनिटं, कुठल्या जागेवर. पान भरलं, पण त्यात बहुतेक ‘सेव्हन-अ-साइड’, ‘फाइव्ह-अ-साइड’, ‘बक्षीस स्पर्धा’ असंच होतं. पूर्ण मैदान आणि पूर्ण ९० मिनिटं अशा मॅच एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. २०२३-२४ च्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या १२ मॅच. नियमित खेळणाऱ्या मुलीला तिथं एका हंगामात १,०८० मिनिटं मिळतात. आमच्या मुलीच्या वर्षभरातल्या सगळ्या लहानमोठ्या मॅच एकत्र केल्या तरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाला पोचत नव्हत्या. हे प्रकरण मला कळलं ते त्या वहीमुळे.

‘दम कमी पडते’

तिन्ही वाटा येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिने बाहेरच्या एका क्लबची निवड चाचणी दिली होती. मी सोबत होते. पहिली वीस मिनिटं तिनं मैदान गाजवलं. डाव्या बाजूने दोघींना काढून आत आली आणि बारवर बॉल मारला. बाकावरचे लोक उठून बघायला लागले. पन्नासाव्या मिनिटानंतर मात्र ती दिसेनाशी झाली. बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभी. समोरची राइट बॅक तिच्या शेजारून पळत गेली आणि तिच्या क्रॉसवर गोल झाला. चाचणीनंतर तिथल्या कोचनी तिला एकच विचारलं: “बॉल गेल्यावर तू कुठं बघतेस?” तिला उत्तर देता आलं नाही. निवड झाली नाही.

परत येताना आणि आल्यावरही सगळे एकच बोलत होते. “पोरगी चांगली आहे, पण दम कमी पडते.” उपायही ठरलेला: फुटाळा तलावावर रोज सकाळी पळायला पाठवा.

ती पळायला लागली, आणि आणखी थकली. पायऱ्या चढताना छातीत धडधडतं, वर्गात डोळे मिटतात, पाळीच्या दिवसांत उठवत नाही, असं तिनं एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. तेव्हा मी तिला रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेनऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गर्भवती नसलेल्या स्त्रीचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींत तर ५९ टक्के. म्हणजे कुठल्याही मैदानावर अकरा मुली उभ्या केल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा असू शकतात, आणि आपण त्यांना पळायला सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत ऑक्सिजन नेतं. तेच कमी असेल तर पळून दम वाढत नाही, शरीर फक्त झिजतं. मुलींच्या संघाच्या शिबिरात पहिल्या दिवशी बूट तपासतात, जर्सीचं माप घेतात. त्याच दिवशी रक्त तपासलं गेलं पाहिजे. यावर माझं मत ठाम आहे.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहासोबत घ्यायची नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. घरी सकाळचा चहा सुटणं अवघड होतं, म्हणून गोळीची वेळ दुपारची केली. पोटात मळमळायचं, पण तिनं सोडल्या नाहीत. आईनं रविवारची कलेजी तिच्या ताटात जास्त वाढायला सुरुवात केली, तेव्हा भाऊ भांडला होता. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या जवळ आलं. पळणं आम्ही त्या काळात जवळजवळ बंद ठेवलं होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा फरक तिचा तिलाच जाणवला.

रक्त सुधारलं, पण कोचचा प्रश्न तसाच राहिला. बॉल गेल्यावर कुठं बघायचं हे गोळीनं येत नाही. ते चांगल्या संघांविरुद्ध पुन्हा पुन्हा खेळून येतं. नागपुरात ती ज्या मॅच खेळायची त्यात तिच्याकडून बॉल गेला तरी समोरच्या संघाला त्याचा फायदा घेता यायचा नाही. चुकीची शिक्षाच मिळत नसे, मग चूक कळणार कशी?

तीन वाटा

२०२३ च्या पावसाळ्यात एका राज्याबाहेरच्या स्पर्धेत ती चमकली आणि बोलावणी आली.

पहिला क्लब राष्ट्रीय लीगचा. नाव असं की वस्तीत सांगितलं तर पोरांनी ओळखलं. महिना १२ हजार, राहणं-जेवण क्लबचं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये असं ठरवलं की लीगमधल्या वरच्या क्लबांनी निदान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यायचा. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. भारतीय महिला फुटबॉलसाठी ही मोठी गोष्ट होती. त्याआधी चांगल्या चांगल्या मुली प्रवासखर्चावर खेळल्या आहेत. पण संघात खेळाडू पंचवीसच्या आसपास असतात. अकराव्या मुलीपासून पुढे हा नियम लागू होत नाही. १२ हजार म्हणजे ती त्या दहांत नव्हती, आणि पैशाचा आकडा बघून क्लब तिला कुठल्या क्रमांकावर धरतो आहे हे वाचता येत होतं.

शिवाय तिला घेतलं होतं पुढच्या फळीसाठी. या लीगमध्ये पुढच्या जागांवर परदेशी खेळाडू आणतात. गोकुलम केरळकडून गोलांचा पाऊस पाडणारी युगांडाची फाझिला इक्वापुट हे त्यातलं सगळ्यांत ठळक नाव. अशा मुलींच्या मागे आमच्या मुलीला हंगामभर किती मिनिटं मिळाली असती? आम्ही दोघींनी त्या क्लबच्या आधीच्या हंगामातल्या मॅचचे संघ काढून पाहिले. तिच्या वयाच्या, तिच्या जागेच्या दोन मुली होत्या आणि त्यांची नावं बहुतेक मॅचमध्ये राखीव खेळाडूंतच दिसली.

दुसरा क्लब कोलकात्याचा, लहान. महिना ८ हजार, तेही हंगामापुरते. खोलीत चौघी. पण तो क्लब कन्याश्री कप खेळतो. कोलकात्याची ही महिला लीग. तिथं एका हंगामात मोठ्या क्लबांविरुद्ध आणि छोट्या क्लबांविरुद्ध एकामागून एक मॅच मिळतात. आणि त्या क्लबच्या कोचनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: विंगर, म्हणजे कडेने पुढे चढाई करणाऱ्या, आमच्याकडे तीन आहेत, डावखुरी लेफ्ट बॅक एकही नाही. ती जागा शिकायला तयार असेल तर पहिल्या मॅचपासून खेळवतो.

तिसरी वाट घरच्यांच्या मनातली. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस दलही खेळाडू घेतात. भारतीय महिला फुटबॉलचा मोठा हिस्सा याच नोकऱ्यांवर उभा राहिला आहे. रेल्वेच्या महिला संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेलं आहे. मणिपूरची बाला देवी पोलीस दलात राहून खेळली आणि २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी व्यावसायिक करार केला. म्हणून नोकरीच्या वाटेला मी कधीच कमी लेखत नाही. पण आरक्षणासाठी ठराविक पातळीवरच्या स्पर्धेतलं पदक लागतं, ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि आमच्या मुलीकडे तेव्हा असं एकही पदक नव्हतं. घरी बसून ते येणार नव्हतं. त्यामुळे ही वाट बंद झाली नव्हती, फक्त दोन-तीन वर्षं पुढे गेली होती, आणि तिथपर्यंत पोचायलाही खेळावंच लागणार होतं.

निर्णय

त्यांच्या घरी बसलो. वडिलांनी आधी पैशाचंच विचारलं, आणि ते रास्त होतं. चार हजारांचा फरक त्यांच्या घरात लहान नाही. “मॅडम, मोठ्या क्लबाचं नाव लागलं तं पुढं कामाला येईन ना जी?” मी त्यांना वही दाखवली. म्हटलं, काका, हिच्याकडे आज पायात कला आहे आणि मॅच नाहीत. वीस वर्षांच्या मुलीनं वर्षभर बाकावर बसून काढलं तर पुढच्या वर्षी तिला घ्यायचं की नाही हे ठरवायला क्लबकडे काहीच नसतं, आणि दुसऱ्या क्लबला दाखवायला तिच्याकडेही काही नसतं. मोठ्या क्लबचा टी-शर्ट घालून आलेल्या आणि तिथंच खेळ सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आईला ना पैशाचं पडलं होतं ना नावाचं. तिनं विचारलं, “खोलीले आतून कडी आहे का? रात्री मॅच झाली तं आणते कोण?” मी तिच्यासमोरच क्लबला फोन लावला आणि दोन्ही प्रश्न तसेच विचारले. महिला व्यवस्थापक होत्या, त्यांनी खोलीचा फोटो पाठवला. कडी होती. रात्रीच्या मॅचनंतर संघाची गाडी खोलीपर्यंत सोडते असं त्यांनी सांगितलं. आई बराच वेळ तो फोटो मोठा करून करून पाहत होती.

मुलीला स्वतःला मोठा क्लब हवा होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लेफ्ट बॅक या शब्दानंच तिचा जीव उडाला होता. तिच्या लेखी मागं खेळणं म्हणजे शिक्षा. “मॅडम, मले गोल माराचा आहे. मागं काऊन जाऊ?” तिला मी काही पटवलं नाही. तिला फक्त बसवून त्या कोलकात्याच्या क्लबची एक पूर्ण मॅच मोबाइलवर दाखवली आणि म्हटलं, त्यांच्या डाव्या बाजूला बॉल आला की मोज. उजव्या पायाची मुलगी तिथं उभी होती. दर वेळी बॉल आत वळवायला तिला एक जास्तीचा टच लागत होता आणि तेवढ्यात समोरच्या दोघी अंगावर येत होत्या. मॅच अर्धी झाल्यावर ती म्हणाली, “इथं मी असती तं सरळ लाइनीवरून पास गेला असता.” दुसऱ्या दिवशी तिनं होकार कळवला.

करार

कागद इंग्रजीत आला, सहा पानं. अशा वेळी पोरी शेवटचं पान उघडतात आणि सही करतात. आम्ही ओळ न्‌ ओळ वाचली, तिच्या मावसभावाला शेजारी बसवून. तीन कलमांवर थांबलो.

दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे लिहिलंच नव्हतं. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर एमआरआय, शस्त्रक्रिया आणि नऊ महिने किंवा त्याहून जास्त विश्रांती. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. मापाऱ्याच्या घरात हा खर्च म्हणजे कर्ज. आम्ही लिहून पाठवलं, आणि सराव व सामन्यातल्या दुखापतीचा खर्च क्लब करेल असं वाक्य त्यांनी घातलं. दुसरं कलम: हंगाम संपल्यावर क्लबला वाटलं तर त्याच पैशात करार आणखी एक वर्ष वाढवायचा हक्क, फक्त क्लबला. हे आम्ही काढायला लावलं. तिसरं होतं पगाराच्या तारखेचं. तिथं ‘सोयीनुसार’ असा अर्थ निघत होता. तारीख घालायला ते तयार झाले नाहीत. आम्ही ते तसंच स्वीकारलं, आणि पुढं त्रास तिथूनच झाला.

एक गृहस्थ मध्येच ‘एजंट’ म्हणून आले होते, दहा टक्के मागत. खेळाडूंच्या एजंटांना फीफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, परवाना लागतो आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षा आहे. परवाना दाखवा म्हटल्यावर त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

गीतांजलीने कोलकाता

नागपूरहून हावड्याला गीतांजली एक्स्प्रेस ही थेट गाडी आहे, हीसुद्धा निवडीतली एक बाजू होती. वडील पहिल्यांदा सोडायला गेले.

पहिले दोन महिने वाईट गेले. भाषा येत नव्हती, रोज भात आणि मासा, खोलीतल्या तिघी आपसात बांग्लात बोलायच्या. रात्री फोन यायचा आणि ती पाच मिनिटं काही न बोलता लाइनवर असायची. मैदानावरही तेच. पहिल्या मॅचमध्ये समोरच्या विंगरनं तिला चार वेळा मागं टाकलं.

मला या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो त्यानंतरचा. तिथल्या कोचनी तिला टॅकल शिकवला नाही, आधी उभं राहायला शिकवलं. विंगर म्हणून ती बॉलकडे तोंड करून उभी राहायची. बॅकला अर्धं अंग बॉलकडे आणि अर्धं आपल्या माणसाकडे ठेवावं लागतं, आणि दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागं पाहावं लागतं. सरावात कोच तिच्या पाठीमागे उभे राहून बोटं दाखवायचे आणि ती पास घेता घेता किती बोटं ते सांगायची. नाही सांगितलं तर पास मोजायचा नाही. दुसरं शिकवलं ते परत पळण्याबद्दल. बॉल गेला की तिचं मन बॉलमागे धावायचं, म्हणजे बाहेरच्या लाइनीकडे. कोचनी गोलच्या जवळच्या खांबाजवळ खुणेचा एक लाल प्लास्टिकचा कोन (शंकू) ठेवला: बॉल कुठंही असो, आधी त्या कोनाच्या दिशेनं सहा पावलं, मग बॉल शोध. कारण धोका जिथून येतो तिथं आधी पोचायचं असतं. आदल्या हिवाळ्यात तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, आणि ते तिला शब्दांत नाही, पायांत मिळालं.

मैदानाचाही फरक होता. आपल्याकडच्या मुरमावर बॉल उसळतो, म्हणून आपल्या मुली तो मांडीनं, पोटानं दाबायला शिकतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तो घसरत येतो. पाय जरा उशिरा गेला की निसटला. आणि बंगालच्या चिखलात पुन्हा वेगळाच. हे सगळं तिला महिन्यातून एकदा नाही, आठवड्यातून एक-दोनदा भेटत होतं. एका मॅचमध्ये झालेली चूक पुढच्या मॅचमध्ये दुरुस्त करायला मिळणं, नागपुरात तिला हेच मिळालं नव्हतं.

वही सुरू होती. हंगामाच्या शेवटी तिनं फोटो पाठवला: जवळजवळ सगळ्या मॅच, बहुतेक पूर्ण वेळ. त्या एका हंगामात ती आधीच्या पाच वर्षांत मिळून जितकी खेळली नसेल तितकी खेळली. गोल एकही नाही. याचं तिला वाईट वाटत होतं, मला अजिबात नाही.

पगाराचं मात्र बिघडलं. दोन महिने पैसे आले नाहीत. फीफाच्या खेळाडू-नियमांत यासाठी तरतूद आहे: निदान दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूनं लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची, त्यातही पैसे आले नाहीत तर करार मोडण्याला योग्य कारण मानलं जातं. करार मोडायचा नव्हता, तिला खेळायचं होतं. पण साधं, नम्र पत्र नियमाच्या उल्लेखासह दिलं. आठवड्यात एक महिन्याचे आले, उरलेले हंगाम संपताना. तोंडी मागत राहिली असती तर तेही आले असते असं मला वाटत नाही. मुलींना आपण ‘वाईट दिसेल’ म्हणून मागायचं थांबवतो. आपल्या घामाचे पैसे मागण्यात वाईट दिसण्यासारखं काय आहे?

दुसरं वर्ष

उन्हाळ्यात ती घरी आली. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या पुढं जातं, म्हणून सराव पहाटे साडेपाचला, साडेसातला बंद. पाणी, मीठ-साखर, आणि सरावाआधी फीफा इलेव्हन प्लस, म्हणजे दुखापत टाळण्यासाठीचे वीस मिनिटांचे व्यायाम. याला पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही. गुडघे वाचवायला याहून स्वस्त काही मला माहीत नाही. आमच्या बाकीच्या मुलींकडून ते तीच करून घेत होती.

दुसऱ्या हंगामासाठी कोलकात्याच्या क्लबनं पैसे वाढवले आणि ती पुन्हा तिथंच खेळली. २०२४-२५ ची राष्ट्रीय लीग कोलकात्याच्याच ईस्ट बंगालनं जिंकली. त्यामुळे त्या शहरात मुलींच्या मॅचला बघणारे वाढले, आणि बघणाऱ्यांत दुसऱ्या क्लबांची माणसंही असतात. हंगामानंतर वरच्या लीगमधल्या एका क्लबनं विचारलं. तिची चाचणी घेतली नाही. तिच्या सहा मॅचचं चित्रीकरण मागवलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे पाठवायला एकसुद्धा मॅच नव्हती.

यावेळी ती किमान कराराच्या दहांत होती. दोन वर्षांचा करार पुढं केला होता, आम्ही एकाच वर्षाचा मागितला आणि मिळाला. पगाराची तारीख लिहून घेतली.

घरच्यांशी बोलताना मी अजूनही काही गोष्टी हातच्या राखून सांगते. तीन लाखांवर घर चालत नाही, आणि लेफ्ट बॅकचं आयुष्य एका गुडघ्यावर असतं. बीएचं शेवटचं सत्र राहिलं आहे. परीक्षा आणि हंगाम एकमेकांवर आले म्हणून ते मागं पडलं, ते या हिवाळ्यात द्यायचं आहे. आणि राज्याच्या संघात निवड व्हायला हवी. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडक आता राजमाता जिजाबाईंच्या नावाचा आहे. त्यात महाराष्ट्राकडून पदक आलं तर नोकरीच्या वाटेवरचं कुलूप उघडतं. तिला शिबिराला बोलावलं होतं, अंतिम संघात नाव आलं नाही. तिच्या पुढं असलेली मुलगी वयानं मोठी आहे आणि आज तरी तिच्याहून चांगली आहे, हे मी तिला सांगितलं आणि तिनं मान्य केलं.

५ जुलै २०२५ ला चिआंग माईत भारताच्या मुलींनी थायलंडला २-१ असं हरवून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, बंगालच्या मुलीचे. आमच्या संघातल्या पोरींनी त्या रात्री मोबाइलवरच्या गटावर धिंगाणा घातला. तिनं मात्र दुसऱ्या दिवशी मला फोन करून भारताच्या लेफ्ट बॅकबद्दल विचारलं: शेवटच्या दहा मिनिटांत ती वर का गेली नाही? आम्ही त्यावर अर्धा तास बोललो.

सध्या ती नव्या क्लबच्या सरावात आहे. तिथले कोच म्हणतात उजवा पाय कच्चा आहे, म्हणून रोज सराव संपल्यावर भिंतीवर उजव्यानं शंभर पास. माझ्या इथल्या चौघी मुलींच्या हातात आता वह्या आहेत. त्यातल्या एकीची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे, तिचं रक्त तपासायला पाठवलं आहे.